बक्षिसाची काच

चिंचोळगीच्या तलावात त्या ऑगस्टात पाणी नव्हतं. गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. शेळ्या त्यांच्यावरून चालल्या की खापरं फुटल्यासारखा आवाज होई. तलावाचा चौकीदार धुळाप्पा रोज सकाळी पाणी सोडायच्या दाराचं चाक अर्धा फेर फिरवून बघे आणि चिंधीनं ग्रीस लावी. राखायला पाणी नसलं तरी चाक गंजून चालणार नव्हतं.

चौकीच्या मागं, तारेच्या कुंपणात, पाऊस मोजायचं यंत्र होतं. गाव त्याला पावसाचा डबा म्हणे. सिमेंटच्या ओट्यात रोवलेला हिरवट डबा, वर पितळी काठाचं नरसाळं, आत प्लास्टिकची बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, रेघ बघायची, किती मिलिमीटर ते वहीत लिहायचं आणि आठवड्याला एक कार्ड तालुक्याला टाकायचं. पाऊस पडो, न पडो. चौकी जवळ म्हणून खात्यानं हे काम चौकीदाराच्या गळ्यात घातलं होतं.

धुळाप्पाला नेमून दिलेलं हे काम गेली आठ वर्षं त्याची बायको अनसाबाई करत होती. पंच्याण्णव साली त्याला कावीळ झाली. दीड महिना तो बाजेवर होता, तेव्हा तिनं काच हातात घेतली. तो बरा झाला, काच तिच्याकडंच राहिली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. पाणी काचेच्या कडेला थोडं वर चढतं, आकडा मधल्या पाण्याचा धरायचा, हे धुळाप्पाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यानं ते तिला एकदा सांगितलं आणि स्वतः विसरला. ती विसरली नाही. काच ओट्यावर सपाट ठेवून, गुडघे जमिनीला टेकून ती डोळा पाण्याच्या रेषेत आणी आणि आकडा मोठ्यानं सांगे. तो ओसरीवर बसून लिही.

दोन हजार तीनच्या पंधरा ऑगस्टला तालुक्याच्या मैदानावर धुळाप्पाचा सत्कार झाला. सलग पाच वर्षं एकही दिवस न चुकवता नोंद ठेवल्याबद्दल. तालुका कर्नाटकातला, म्हणून साहेब आधी कानडीत बोलले आणि मग मराठीत म्हणाले, "खात्याकडं द्यायला पैसा नाही. पण मान द्यायला आम्हाला कुणी अडवलेलं नाही." लोक हसले. धुळाप्पाला हार, शाल, प्रमाणपत्र मिळालं आणि लाकडी पेटीत, निळ्या कापडावर झोपवलेली नवी कोरी मापाची काच.

अनसाबाई बायकांच्या बाजूला सतरंजीच्या कडेला बसली होती. एकही दिवस न चुकवता, हे शब्द माइकमधून दोनदा ऐकू आले. सासू गेली त्या दिवशी सकाळी मयत अंगणात होतं आणि ती हात धुऊन कुंपणात गेली होती, ते तिला आठवलं. थोरलीच्या लग्नात हळदीच्या बोटांचे ठसे काचेवर उमटले होते, तेही. तिनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचे मालक व्हय?" ती म्हणाली, "व्हय."

परतीच्या जीपमध्ये धुळाप्पाला पुढची जागा मिळाली. मागून गावातला भीमण्णा त्याला ओरडून म्हणाला, "साहेब, जरा पाऊस पाडायचं बी बघा की आता!" भीमण्णाकडं सहा जनावरं होती आणि कडबा संपत आला होता. धुळाप्पा हसला. उतरायचं होतं त्या ठाणाकुशनूरच्या फाट्यापर्यंत पेटी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो सात वाजताच आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कुंपणाच्या दाराशी उभा होता.

"कुठं निघालाव?" अनसाबाईनं विचारलं.

"कुठं बी न्हाई. आजपासून म्या बघतो डबा."

"कामून?"

"कामून म्हंजे? नाव माझं लागलंय. साहेब कवा बी येतील. बायको बघती मनून सांगू का तेंला?"

तिच्या हातात जुनी काच होती. तिनं ती पदरानं पुसली आणि आत नेऊन पिठाच्या डब्यामागं ठेवली.

धुळाप्पानं काम मनापासून केलं, हे खरं. आठ वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं त्या महिन्यात केलं. कुंपणातलं गवत उपटलं, ओट्याला चुना लावला, नरसाळ्यातला पाचोळा रोज काढला, पितळी काठ चिंचेनं घासला. साडेआठच्या आधी पंधरा मिनिटं तो घड्याळ हातात धरून उभा राही. कोरड्या दिवशीसुद्धा बाटली काढून उन्हात धरी. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. त्याला ते आवडे.

एकवीस तारखेला पाऊस झाला. सकाळी धुळाप्पानं बाटली बाहेर काढली तेव्हा अनसाबाई कुंपणापलीकडं शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा वेचत होती. बाटलीतलं पाणी तिनं लांबूनच बघितलं आणि मनाशी म्हणाली, नऊ. थोडं वर.

"अठरा दशांश चार!" धुळाप्पा मोठ्यानं म्हणाला.

ती वाकलेली सरळ झाली. "किती?"

"अठरा चार. एकदा दहाच्या रेघंपतूर भरली, मग आठ चार."

"एवढा न्हाई पडला."

"तुला काय ठावं? बाटली बघून पाऊस कळतो व्हय?"

"आठ वर्सं बघायलेय की."

ती आत आली. नवी काच तिनं पहिल्यांदाच जवळून बघितली. "ही बारकी हाय जुनीपेक्षा."

"नवं मॉडेल हाय. रेडिओ बी बारके निघालेत. बारका हाय मनून काय बातम्या अर्ध्या देतो का?"

त्यानं अठरा दशांश चार लिहिलं. अक्षर आधीपेक्षा ठळक काढलं.

पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन पाऊस झाले. तिला चार वाटला तेव्हा त्यानं आठ लिहिला. तिला पंधरा वाटला तेव्हा एकतीस. उडीद गेला होता. सोयाबीन घोट्याएवढं होऊन पिवळं पडलं होतं. खुरपायला बोलावलेल्या बायकांना, त्यांत अनसाबाईलाही, शेतमालकानं दुपारीच परत पाठवलं, कारण खुरपायला तण नव्हतं. कोरड्या मातीत नुसतं बसून अनसाबाईचे गुडघे सुजले. ती बिब्याचं तेल लावून बसे आणि वहीतल्या आकड्यांचा विचार करी. एवढा पाऊस झाला असता तर तण तरी वाढलं असतं.

एकदा धुळाप्पा बाजाराला गेला असताना तिनं दोन्ही काचा ओसरीवर मांडल्या. जुनी दहाच्या रेघेपर्यंत भरली आणि तेच पाणी नवीत ओतलं. नवी दहापर्यंत भरली. ते पाणी तिनं घागरीत टाकलं. जुनीत अजून पाणी होतं. तेही ओतलं. नवी पुन्हा बरोबर दहापर्यंत भरली आणि जुनी रिकामी झाली. तिनं तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

धुळाप्पा आल्यावर तिनं त्याच्यासमोर चौथ्यांदा केलं. तो उकिडवा बसून बघत होता.

"म्हंजे जुनी खोटी हाय," तो म्हणाला. "आठ वर्सं आपण अर्धा पाऊस लिवलाव."

"ही खोटी असंल."

"ही साहेबांनी दिल्याली हाय, अनसा! चारशे मान्सासमोर दिली. खोटी काच देतील का बक्षीस मनून?"

त्यानं नवी काच कापडानं कोरडी केली, पेटीत झोपवली आणि पेटी फळीवर ठेवली. जुनी जमिनीवर राहिली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, भीमण्णा तालुक्याहून आला तो घरी न जाता तडक चौकीवर आला. पायताण न काढता ओसरीवर चढला.

"धुळाप्पा, कुठं पडला रे पाऊस?"

"का? काय झालं?"

"दुष्काळाच्या यादीत आपलं गाव न्हाई. आजूबाजूची समदी हायत, आपलं न्हाई. चिंचोळगीत पाऊस बरा झालाय म्हणतेत. कागदावर हाय. कुठं झाला? तुझ्या सैपाकघरात?"

"जेवढा झाला तेवढा लिवलाय."

"मग माझं सोयाबीन कामून जळालं? चारा डेपो यादीतल्या गावाला मिळणार. आपल्याला न्हाई. दोन बैल उदगीरच्या बाजारात नेतो म्या आता. कापायला नेतेत तितं, ठावं हाय ना?" त्यानं अनसाबाईकडं बघितलं. "अक्का, तू तर सांग. पडला का पाऊस?"

अनसाबाईनं धुळाप्पाकडं बघितलं. "यादी कवा पक्की होणार?" तिनं विचारलं.

"शुक्करवारी तीनला जिल्ह्याला जाणार. जा मनावं तुझ्या मालकाला, शाल पांघरून सांगून ये."

त्या दिवशी दुपार कलताना ढग आले. अनसाबाईनं डालड्याचा रिकामा डबा राखेनं घासला, त्याच्या भिंती सरळ आहेत का ते बोट फिरवून बघितलं आणि कुंपणाबाहेर, मोकळ्या जागी, दगडांच्या टेक्यात बसवला. संध्याकाळी तासभर पाऊस झाला.

सकाळी धुळाप्पानं वाचलं, "सव्वीस." मोजलेलं पाणी तिनं तांब्यात धरून परत बाटलीत भरलं.

तिनं शाळेची लाकडी पट्टी आणली होती. पट्टीचं टोक शून्याच्या आधी दोन रेघा सुरू होत होतं. त्या दोन रेघाही मोजायच्या धरून तिनं पट्टी डालड्याच्या डब्यात उभी केली, ओल्या खुणेवर नख ठेवलं आणि पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"मोजा."

त्यानं बारीक रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"तेरा," तो म्हणाला.

"ह्या डब्याला काच न्हाई, नरसाळं न्हाई. जेवढं आभाळातून पडलं तेवढं आत उभं हाय. आता बाटलीतलं पाणी जुन्या काचंत वता."

जुनीत एकदा दहापर्यंत भरलं आणि मग तीन.

धुळाप्पा कुंपणातच चुना लावलेल्या ओट्यावर बसला. इस्त्रीच्या पँटीला चुना लागला. तो बराच वेळ नव्या काचेकडं बघत होता. तिच्यावरच्या रेघा बारीक, काळ्या, स्वच्छ होत्या.

"कुणाला बोलू नको," तो म्हणाला.

"उद्या यादी जाणार."

"ठावं हाय."

"भीमण्णाचे बैल..."

"ठावं हाय म्हनलं ना!" तो ओरडला आणि मग हळू म्हणाला, "सकाळच्या गाडीनं जाऊ. तू बी चल. मला सांगाय जमायचं न्हाई."

शुक्रवारी ते कमलनगरच्या गाडीत उभ्यानं तालुक्याला गेले. पिशवीत दोन्ही काचा टॉवेलात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि डालड्याचा डबा. गर्दीत धक्का लागू नये म्हणून अनसाबाईनं पिशवी पोटाशी धरली होती. ऑफिसात पोचेपर्यंत अकरा वाजले.

आकडेवारीच्या टेबलावर नागरत्ना नावाची पोरसवदा बाई होती, गुलबर्ग्याकडची, नोकरीला लागून वर्ष झालेलं. शेजारच्या टेबलावर शरणबसव कारकून. त्यानं धुळाप्पाला ओळखलं. "या या, बक्षीसवाले! बसा अप्पा."

धुळाप्पा बसला नाही. अनसाबाईनं काचा टेबलावर मांडल्या आणि पाणी मागितलं. नागरत्नानं आपल्या बाटलीतलं दिलं. अनसाबाईनं जुनी काच भरली, नवीत ओतली, रिकामी केली, पुन्हा ओतली. दुसऱ्यांदा पाणी दहाच्या रेघेला टेकलं तेव्हा नागरत्नानं नवी काच उचलली आणि बुडाशी कोरलेला आकडा वाचला.

"अय्यो," ती म्हणाली. "अक्का, ही बारक्या तोंडाच्या डब्याची काच आहे. तुमच्या डब्याचं तोंड त्याच्या दुप्पट. म्हणून आकडा दुप्पट येतो."

"म्हंजे आमची जुनी बराबर?"

"अगदी बरोबर."

अनसाबाईनं जुनी काच जवळ ओढली.

नागरत्ना आपलं रजिस्टर घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं. आत वीस मिनिटं बोलणं चाललं, कानडीतून, मधेच आवाज चढे. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कोरा कागद होता. ती कागदाकडं बघूनच बोलली.

"आकडे दुरुस्त करता येतात. पण काच चुकीची दिली असं लिहिलं तर ते जिल्ह्याच्या स्टोअरचं प्रकरण होतं. चौकशी लागते. दोन महिने, तीन महिने. यादी आज तीनला जाते."

"आनि दुसरं काय?" धुळाप्पानं विचारलं.

"वाचणाऱ्याकडून चूक झाली असं तुम्ही लिहून दिलं, तर साहेब इथल्या इथं दुरुस्त करू शकतात. आज."

"म्या चुकलो, असं?"

"हो, अप्पा."

"खोटं कामून लिवायचं?" अनसाबाई म्हणाली. "काच तुमीच दिल्याली."

नागरत्नाचे कान लाल झाले. शरणबसव खुर्ची ओढून पुढं सरकला. "अक्का, आणखी एक आहे, ते पण ऐका. माणूस चुकीचं वाचतो असं एकदा लिहिलं, की कधीपासून, हे विचारणार. बक्षीस परत जाणार, ते सोडा. मागच्या वह्यांवर पण शेरा पडतो. संशयास्पद. तुमच्या डब्याचं सगळं जुनं वाचन सरासरीतून काढतात."

"समदं?"

"अप्पा नेमले तिथपासून."

धुळाप्पानं टोपी काढली. पुन्हा घातली. मग तो नागरत्नाला म्हणाला, "बाई, वाचनारी ही हाय. आठ वर्सं हीच वाचती. म्या नुसता लिवतो. पंधरा आगस्टपासून मी हात घातला आनि हे असं झालं."

शरणबसव आधी त्याच्याकडं, मग तिच्याकडं बघत राहिला. "म्हणजे पाच वर्षांचा तो सत्कार..."

"हिचा."

नागरत्नानं कागद पुढं सरकवला. "नेमणूक तुमच्या नावावर आहे, अप्पा. सही तुमचीच लागेल."

धुळाप्पानं पेन घेतलं नाही. तो बायकोकडं वळला.

"तू सांग," तो म्हणाला. "वह्या तुझ्या हायत."

अनसाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. तिनं नव्या काचेतलं पाणी जुनीत ओतलं आणि उगाचच त्याची पातळी बघितली. आठ वर्षं म्हणजे किती सकाळी, याचा हिशेब तिनं कधी केला नव्हता. आता केला. दोन हजार नऊशेच्या वर भरल्या.

"बैल किती जातील गावातले?" तिनं धुळाप्पाला विचारलं.

"तीस-पस्तीस. जास्तच."

"लिवा," ती म्हणाली.

नागरत्ना सांगत गेली, धुळाप्पा लिहीत गेला. माझ्या नजरचुकीमुळे. मापाची काच वाचताना. दुप्पट नोंद. सहीच्या वेळी आडनावावर शाई सांडली. शरणबसवनं टीपकागद दिला. अडीच वाजता दुरुस्त यादी टाइप झाली. ती पाकिटात जाईपर्यंत दोघं व्हरांड्यात उभी होती. नवी काच नागरत्नानं ठेवून घेतली. निघताना ती जिन्यापर्यंत आली. तिला काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "अक्का, सांभाळून जा."

गाव यादीत आलं. ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर चाऱ्याचे ट्रक लागले. भीमण्णानं बैल विकले नाहीत. पण कागदात काय लिहिलंय ते शरणबसवकडून एका ड्रायव्हरला कळलं आणि ड्रायव्हरकडून गावाला.

"काच वाचता येत न्हाई आनि शाल घेऊन आला," पारावर लोक म्हणाले. नळावर सिद्धव्वानं अनसाबाईला विचारलं, "अगं, तुझ्या मालकाला डोळ्याचं आपरेशन तर करून आन. गावाला मारलं असतं की तेनं."

अनसाबाईनं घागर उचलली. खरं सांगितलं आणि ते फिरत फिरत ऑफिसात गेलं, तर दुरुस्त केलेलं पुन्हा उघडलं जाईल, असं नागरत्ना म्हणाली होती. ती बोलली नाही. धुळाप्पाही बोलला नाही. बाजाराच्या जीपमध्ये तो आता मागच्या फळीवर बसे.

डब्याचं काम मात्र त्याच्याकडंच राहिलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. मागच्या सगळ्या वह्या ऑफिसनं मागवून घेतल्या. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तालुक्याहून लाल शाईचा शेरा आला होता. काच आता पुन्हा अनसाबाईच्या हातात होती.

नोव्हेंबरात आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. एका सकाळी भीमण्णा डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चौकीवरून चालला होता. ओसरीवर वही उघडून बसलेल्या धुळाप्पाला बघून तो थांबला.

"काय चौकीदार? आज किती पडला?" तो हसला. त्याच्या मागून येणारे दोघंही हसले.

धुळाप्पानं मान वर केली नाही. त्यानं पेन शून्यासाठी कागदावर टेकवलं.

"थांबा," अनसाबाई म्हणाली.

"अगं, आभाळ बघ की," धुळाप्पा पुटपुटला. "काय बघायचं त्यात?"

"बघितल्याबिगर कसं लिवता? आनि भीमण्णा, तू बी थांब. इचारलंस तर ऐकून जा."

ती कुंपणात गेली. नरसाळं काढलं, बाटली वर घेतली, उन्हाकडं धरून बघितली. मग ती जुन्या काचेवर उलटी करून धरली आणि शेवटचा थेंब असला तर पडावा म्हणून तशीच धरून ठेवली. भीमण्णाचा भारा जड होता. त्यानं एक पाय बदलला. काच ओट्यावर ठेवून ती गुडघ्यांवर बसली. बसताना गुडघा दुखला तसं तिनं तोंड वाकडं केलं. डोळा खाली आणला.

"शून्य दशांश शून्य," ती म्हणाली.

धुळाप्पानं लिहिलं. रस्त्यावर कुणी हसलं नाही. भीमण्णानं भारा सावरला आणि तो चालू लागला.